ग्रीसची बेरोजगारी वर्गात शिकवताना : गेलेल्या नोकऱ्या परत यायला पंधरा वर्षं का लागतात?



अकरावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात बेरोजगारीवर स्वतंत्र प्रकरण आहे. हंगामी, प्रच्छन्न, चक्रीय, संरचनात्मक, सुशिक्षित असे प्रकार मुलं पाठ करतात, व्याख्या लिहितात, मार्कही मिळतात. पण हुशार मुलाच्या मनात एक प्रश्न राहतोच. मंदी येते आणि जाते, असं पुस्तक सांगतं. मग मंदीत गेलेल्या नोकऱ्या मंदीबरोबर परत का येत नाहीत? आणि एखाद्या देशात चारातला एक माणूस वर्षानुवर्षं कामाविना बसतो, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

या प्रश्नाचं उत्तर शिकवायला मी ग्रीस निवडतो. देश छोटा आहे, आकडे ठळक आहेत, आणि बाहेरचा दबाव व आतलं धोरण एकमेकांत कसं गुंततं ते इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

आधी पालकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "प्रयत्न केले की नोकरी मिळतेच." वाक्य वाईट नाही, पण ते अर्धंच खरं आहे. वर्गात हे दाखवायला संगीत खुर्ची खेळवा. दहा मुलं आणि नऊ खुर्च्या असतील तर एक जण उभा राहील. तो उभा का राहिला? लक्ष नव्हतं, हळू धावला, काहीही म्हणा. आता खुर्च्या सात करा. तीन जण उभे राहतील. त्यांना रोज पळण्याचा सराव द्या, तरीही तीन जण उभेच राहणार. फक्त ते तीन जण कोण, हे बदलेल. एकट्या मुलाचे कष्ट त्याला खुर्ची मिळवून देऊ शकतात, पण खुर्च्या किती हे त्याच्या कष्टांवर ठरत नाही. ते ठरवणाऱ्या गोष्टींचा अभ्यास म्हणजे स्थूल अर्थशास्त्र. ग्रीसमध्ये पाचेक वर्षांत खुर्च्या धडाधड उचलल्या गेल्या. त्या कोणी आणि का उचलल्या ते पाहू.

युरो येतो, कर्ज स्वस्त होतं

ग्रीसचं जुनं चलन द्राख्मा. २००१ मध्ये ग्रीसने ते सोडून युरो स्वीकारला आणि २००२ पासून नोटाही युरोच्या झाल्या. त्याआधी ग्रीक सरकारला कर्ज हवं असेल तर चढं व्याज मोजावं लागे, कारण द्राख्मा घसरेल ही सावकारांना भीती असे. युरो आल्यावर ती भीती गेली. जर्मनीला ज्या व्याजाने कर्ज मिळतं जवळपास त्याच व्याजाने ग्रीसला मिळू लागलं. जर्मनी, फ्रान्समधल्या बँकांचा पैसा दक्षिणेकडे वाहू लागला.

स्वस्त कर्ज मिळालं की माणूस काय करतो ते आपल्याला माहीत आहे. सरकारने खर्च वाढवला, लोकांनी घरं-गाड्या घेतल्या, पगार उत्पादकतेपेक्षा जोरात वाढले, आयात फुगली. २००८ पर्यंत चालू खात्यावरची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १५ टक्क्यांवर गेली होती. म्हणजे देश वर्षाला १०० रुपये कमावतो आणि त्यावर आणखी १५ रुपये बाहेरून आणून खर्च करतो. हे बाहेरचे १५ रुपये एक दिवस यायचे थांबले तर काय होईल, हा प्रश्न त्या चांगल्या दिवसांत कोणाला पडला नाही. देणाऱ्या बँकांनाही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळा दोष घेणाऱ्याच्या माथी मारला गेला.

ग्रीसची स्वतःची चूक नव्हती का? होती, आणि मोठी होती. कर बुडवण्याची सवय जुनी, सरकारी नोकऱ्या राजकीय ओळखीवर वाटलेल्या, आणि सर्वात वाईट म्हणजे तुटीचे आकडे खोटे दाखवलेले. ऑक्टोबर २००९ मध्ये नवं सरकार आलं आणि त्याने सांगितलं की तूट आधी कळवली त्याच्या कितीतरी पट आहे. तपासणीअंती २००९ ची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या वर निघाली. तेव्हा २००८ चं जागतिक संकट ताजंच होतं, बँका घाबरलेल्या होत्या. त्यांनी हात आखडले आणि ग्रीसचं व्याज आभाळाला भिडलं.

इथे वर्गात हमखास एक मुलगा म्हणतो, "सर, म्हणजे ते लोक आळशी होते." त्याला दोन गोष्टी सांगा. ओईसीडीच्या आकडेवारीत त्या वर्षांत ग्रीक कामगार वर्षाला सुमारे २००० तास काम करत होता आणि जर्मन कामगार १४०० च्या आसपास. दुसरी गोष्ट स्पेनची. २००७ मध्ये स्पेनच्या सरकारचं बजेट शिलकीत होतं आणि सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ३६ टक्के. तिथे कोणी आकडे खोटे दाखवले नव्हते. तरीही २०१३ मध्ये स्पेनची बेरोजगारी २६ टक्क्यांवर पोचली. म्हणजे उधळं सरकार हे एकच कारण पुरत नाही. बाहेरून लोटलेला पैसा अचानक मागे फिरला, हे दोघांचं समान दुखणं.

हातात कोणती हत्यारं उरली?

हा भाग सावकाश शिकवा, धड्याचा गाभा इथेच आहे. अशा वेळी देशाच्या हाती साधारण तीन हत्यारं असतात. पहिलं, चलनाचं अवमूल्यन. आपला माल जगाला स्वस्त होतो, निर्यात वाढते, परदेशी माल महाग होऊन आयात घटते. दुसरं, मध्यवर्ती बँकेने व्याजदर खाली आणणं. तिसरं, सरकारने स्वतः खर्च वाढवून मागणी सावरणं.

आपल्या मुलांना पहिल्या हत्याराचं घरचं उदाहरण आहे. १९९१ मध्ये आपल्याकडे परकीय चलनाचा साठा दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता. सोनं इंग्लंडला पाठवून गहाण ठेवावं लागलं. आपणही नाणेनिधीच्या दारात उभे होतो, आपल्यालाही अटी होत्या. पण रुपया आपला होता. १ आणि ३ जुलै १९९१ ला दोन टप्प्यांत त्याचं अवमूल्यन झालं. १९९१-९२ मध्ये वाढीचा दर दीड टक्क्याच्या आत आला आणि पुढच्याच वर्षी पाचाच्या वर गेला. सगळं श्रेय अवमूल्यनाला देऊ नका, उदारीकरणाचे निर्णयही त्याच काळातले. पण दार उघडं होतं, एवढं नक्की.

ग्रीसचं ते दार बंद होतं. युरो एकट्या ग्रीसचा नाही, त्यामुळे ग्रीसपुरतं त्याचं अवमूल्यन होऊ शकत नाही. व्याजदर फ्रँकफुर्टमधली युरोपीय मध्यवर्ती बँक ठरवते, तेही सगळ्या युरो देशांकडे बघून. ग्रीस आचके देत असताना, २०११ च्या एप्रिल आणि जुलैत, या बँकेने व्याजदर दोनदा वाढवले! कारण काय, तर एकूण युरो क्षेत्रात महागाईची काळजी वाटत होती. उत्तरेकडच्या देशांना ते औषध चाललं असेल, अथेन्सला ते विष होतं.

तिसरं हत्यार सावकारांच्या अटींनी काढून घेतलं. मे २०१० मध्ये युरो देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी मिळून ११० अब्ज युरोचं कर्ज मंजूर झालं. देखरेखीला तिघं, म्हणजे युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी. वर्तमानपत्रांनी यांना त्रोइका नाव दिलं. या पैशाचा मोठा भाग जुनी कर्जं, व्याज आणि बँकांचं भांडवल यातच गेला. बदल्यात अटी अशा, की खर्च कापा, पेन्शन कापा, कर वाढवा, सरकारी नोकरभरती आवळा.

मग उरला एकच रस्ता. चलन स्वस्त करता येत नाही ना, मग माणूस स्वस्त करा. पुस्तकी भाषेत याला अंतर्गत अवमूल्यन म्हणतात. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं गेलं, महिना ७५१ युरोवरून ५८६ वर. पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठी तर ३२ टक्के कपात. मजुरी स्वस्त झाली की मालक माणसं घेतील, निर्यात वाढेल, हा हिशोब. कागदावर तो चूक नाही. पण पगार कापला तरी घराच्या कर्जाचा हप्ता कापला जात नाही. पगार ७५० चा ५८० झाला आणि हप्ता ३०० चा ३०० च राहिला, तर बाजारात खर्च करायला आधी ४५० होते, आता २८०. पगार २३ टक्क्यांनी कमी झाला, पण खर्चाची ताकद ३८ टक्क्यांनी. हा हिशोब फळ्यावर मांडा, मुलं लगेच मान डोलावतात. मग विचारा, ज्या दुकानदाराचं गिऱ्हाईक इतकं आटलं तो स्वस्त मिळतो म्हणून नवा नोकर ठेवेल का?

गुणकाची गोष्ट

बारावीला गुणक शिकवताना आपण सूत्र देतो आणि पुढे जातो. इथे तो जिवंत होतो. समजा देशाचं उत्पन्न १०० आणि कर्ज १२०, म्हणजे कर्जाचं प्रमाण १२० टक्के. सरकारने खर्चात ४ ची कपात केली आणि वाचलेला पैसा कर्जफेडीला लावला, बाकी सगळं तसंच धरू. उत्पन्नातल्या दर १०० रुपयांमागे सरकारला ४० रुपये महसूल मिळतो असंही धरू.

गुणक ०.५ असेल तर उत्पन्न २ ने घटून ९८ होईल. महसूल ०.८ ने कमी होईल, म्हणजे खरी बचत ३.२. कर्ज ११६.८ राहिलं. प्रमाण साधारण ११९ टक्के. थोडं का होईना, कमी झालं.

आता गुणक १.५ धरा. उत्पन्न ६ ने घटून ९४. महसूल २.४ ने कमी, खरी बचत फक्त १.६. कर्ज ११८.४. भागाकार करा. प्रमाण १२६ टक्के! कर्ज फेडायला पोट आवळलं, कर्ज आकड्यात कमीही झालं, पण उत्पन्न त्याहून जास्त आकसलं म्हणून ओझं वाढलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा हिशोब हाच.

हे फक्त फळ्यावरचं गणित नाही. नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि त्यांचे सहकारी डॅनियल ली यांनी जानेवारी २०१३ मध्ये शोधनिबंध मांडला की संकटाच्या सुरुवातीच्या काळात अंदाज बांधताना गुणक फारच लहान धरला गेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये नाणेनिधीने ग्रीसच्या पहिल्या कार्यक्रमाचा आढावा छापला. २०१२ मध्ये बेरोजगारी १५ टक्के असेल असा मूळ अंदाज होता, प्रत्यक्षात ती २५ टक्के निघाली. दहा टक्क्यांचा फरक म्हणजे ग्रीससारख्या देशात जवळपास पाच लाख माणसं. डॉक्टरने औषधाचा डोस चुकीच्या वजनावर काढावा तसं हे झालं. पण आपल्या चुकीचा कागद स्वतःच छापला, एवढं तरी त्यांच्या पदरात टाकायला हवं.

२००८ मध्ये ग्रीसची बेरोजगारी ८ टक्क्यांच्या आत होती. २०१३ मध्ये ती २७ टक्क्यांच्या वर गेली. पंचविशीच्या आतल्यांत, म्हणजे जे काम शोधत होते त्यांच्यात, निम्म्याहून अधिक जण बेकार. देशाचं उत्पन्न सुमारे एक चतुर्थांशाने आकसलं. आणि सरकारी कर्जाचं प्रमाण? २००९ मध्ये सुमारे १२७ टक्के होतं, २०१४ मध्ये १८० च्या आसपास. मधे २०१२ मध्ये खाजगी सावकारांनी मोठी सूट दिली होती, तरीही.

पण मग ती टिकली का?

आता मूळ प्रश्न. २०१४ च्या सुमारास घसरण थांबली. मग बेरोजगारी झपाट्याने खाली यायला हवी होती. आली नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिसरा कर्ज कार्यक्रम संपला तेव्हाही ती १९ टक्क्यांच्या आसपास होती. १० टक्क्यांजवळ यायला २०२४ उजाडलं.

कारण बेकारी माणसाला बदलते. सहा महिने काम नसेल तर माणूस अर्ज करत राहतो. दोन वर्षं नसेल तर मालक विचारतो, "इतके दिवस काय करत होतास?" हात सुटतो, ओळखी तुटतात, यंत्रं आणि सॉफ्टवेअर पुढे निघून जातात. ग्रीसमध्ये बेकारी भत्ता जास्तीत जास्त बारा महिने मिळायचा, आणि २०१४ च्या सुमारास बेकारांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त लोक वर्षाहून अधिक काळ बेकार होते. म्हणजे बहुतेकांचा भत्ता संपलेला. दुसरीकडे, मागणी नाही म्हणून कारखानदारांनी नवी यंत्रं घेतली नाहीत, त्यामुळे मागणी थोडी परतली तरी खुर्च्याच नव्हत्या. या चिवटपणाला अर्थशास्त्रात हिस्टेरेसिस म्हणतात. लोखंडाजवळ चुंबक धरून काढून घेतला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं, त्यावरून हा शब्द आला. विज्ञानाच्या सरांना वर्गात बोलवा, पाच मिनिटांत खिळा आणि टाचण्या घेऊन दाखवतील.

आपल्या पुस्तकातले बेरोजगारीचे प्रकार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. ग्रीसमध्ये चक्रीय बेरोजगारी वर्षं उलटता उलटता संरचनात्मक झाली. तीच माणसं, तेच शहर, नुसता कप्पा बदलला. चक्रीयवर वेळेत उपाय केला नाही तर ती संरचनात्मक होते, हे वाक्य मुलांच्या वहीत हवं. पुस्तकात ते सापडणार नाही.

आणि जे थांबले नाहीत ते निघून गेले. संकटाच्या वर्षांत चार लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला, त्यात शिकलेले तरुण खूप. डॉक्टर जर्मनीला गेले. ज्यांना घडवायला ग्रीक करदात्याने पैसा घातला ते सावकार देशाच्या दवाखान्यांत कामाला लागले. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ८ लाख असलेली लोकसंख्या २०२१ मध्ये १ कोटी ५ लाखांवर आली. जन्मदर घटला हेही त्यामागे आहे. तेव्हा बेरोजगारीचा टक्का खाली आलेला दिसला की मुलांना विचारायला शिकवा, खुर्च्या वाढल्या की खेळणारे कमी झाले?

स्वतःचं चलन असतं तर सगळं सुटलं असतं का? तुलनेला आइसलँड घ्या. २००८ मध्ये तिथल्या मोठ्या बँका कोसळल्या, क्रोनाची किंमत जवळपास निम्मी झाली, नाणेनिधीकडे जावं लागलं. पण बेरोजगारी ९ टक्क्यांच्या आसपास थांबली आणि चार-पाच वर्षांत ५ च्या जवळ आली. फुकट मात्र नाही. २००९ च्या सुरुवातीला महागाई १८ टक्क्यांच्या वर होती आणि परकीय चलनाशी बांधलेली गृहकर्जं लोकांच्या मानगुटीवर बसली. त्रास दोन्हीकडे झाला. आइसलँडमध्ये तो सगळ्यांच्या पगारात थोडा थोडा वाटला गेला, ग्रीसमध्ये नोकरी गेलेल्यांवर एकगठ्ठा पडला. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या आत, मासे विकायला समुद्र, नंतर पर्यटकांची रांग, ही सूट धरूनच तुलना करा.

एक सावधगिरी, आकड्यांची

धडा संपताना एखादी मुलगी विचारेलच, "मॅडम, भारतात किती?" नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये नेहमीच्या स्थितीनुसार आपला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के. मग आपण ग्रीसपेक्षा कितीतरी बरे? इथे घाई करू नका. बेरोजगार म्हणून मोजलं जायला माणसाला काम नसावं आणि तो काम शोधत किंवा करायला तयार असावा लागतो. ज्याला घरचं पाठबळ आहे किंवा भत्ता मिळतो तोच रिकामा राहू शकतो. आपल्याकडे काम गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी भावाच्या शेतावर राबतो किंवा वडापावची गाडी लावतो, आणि सर्वेक्षणात तो रोजगारात मोजला जातो. तो प्रच्छन्न बेरोजगारीच्या कप्प्यात आहे, टक्केवारीत नाही. आणि पुण्याच्या अभ्यासिकेत चौथ्या वर्षी परीक्षेची तयारी करणारा मुलगा विद्यार्थी म्हणून मोजला तर श्रमबलातच धरला जात नाही.

घरी करायचं काम असं द्या. मुलांनी आपल्या गल्लीतल्या किंवा वाडीतल्या दहा मोठ्या माणसांना, नाव न लिहिता, तीनच प्रश्न विचारायचे. गेल्या आठवड्यात किती दिवस काम केलं, त्याहून जास्त काम मिळालं असतं तर केलं असतं का, आणि आधीचं काम सुटलं असेल तर कशामुळे. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात फळ्यावर दोन रकान्यांत लिहा, माणसाच्या हातातली कारणं आणि हाताबाहेरची कारणं. कोणतं उत्तर कुठे टाकायचं यावर वाद होईल. होऊ द्या, तास संपला तरी चालेल.